इराची तीट

मिरजेच्या जनुकचिकित्सा केंद्रात सकाळचे अहवाल आले, तेव्हा डॉ. निरंजन आठल्ये चहाचा कप हातात धरून उभेच राहिले. अहवाल त्यांच्या मुलीचा होता. इराचा ताप दुसऱ्या आठवड्यातही हटायला तयार नव्हता.

यंदाचा हा नवा ताप तसा जीवघेणा नव्हे. आठवडाभर अंग मोडून यायचं, तोंडाची चव जायची आणि मग माणूस उठून कामाला लागायचा. शेजारचे ऐंशीचे म्हातारबुवासुद्धा बरे होऊन पुन्हा पेपरवाल्याशी हुज्जत घालायला लागले होते. आणि एकोणीस वर्षांची धडधाकट पोर इथे ऑक्सिजनच्या नळीवर पडून होती.

“लस घेतली होती ना तिने?” प्रतिकारशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. शबाना मुजावर यांनी विचारलं.

“मी स्वतः टोचली.”

“लागूच पडलेली नाही. निरंजन, बस जरा. तुझ्या राखणदाराबद्दल बोलायचंय.”

राखणदार म्हणजे निरंजनांची आयुष्याची कमाई. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातल्या जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या शोधून दुरुस्त करणारं एक जनुक प्रत्येकाच्या शरीरात असतं. निरंजनांच्या बायकोच्या, मृदुलाच्या घराण्यात नेमकं तेच सदोष होतं. चुका साचत जायच्या, त्यातून आतड्याचा कर्करोग व्हायचा, आणि चाळिशी कुणी बघायचं नाही. मृदुला अडतिसाव्या वर्षी गेली. तेच जनुक इरामध्येही उतरलं होतं.

मग आठ वर्षांच्या इराला निरंजनांनी स्वतः घडवलेलं जनुक दिलं. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूवर लादून तिच्या पेशीपेशीत पोचवलं. एकही चूक सुटू न देणारा राखणदार. घाई केली, असं तेव्हा काही जण दबक्या आवाजात म्हणाले. म्हणोत बापडे. बायको डोळ्यांदेखत गेलेल्या माणसाला कोण शहाणपण शिकवणार?

“नवा जंतू आला की त्याच्या मापाचं प्रतिपिंड शरीरात तयार नसतं,” शबाना सांगू लागल्या. “मग रक्तातल्या काही पेशी प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. ढीगभर चुकांतली एखादी त्या जंतूला बरोबर बसते, आणि तीच पेशी पुढे वाढते. शरीर शिकतं ते असं.”

“आणि इराच्या पेशी?”

“त्याही चुका करतात. तुझा राखणदार त्या लगेच पुसतो.”

“इतकी वर्षं काही झालं नाही ते?”

“लहानपणीच्या लशी त्याच्या आधी झाल्या होत्या. त्या शिदोरीवर निभावलं. तिची सर्दी महिना महिना रेंगाळायची, आठवतं?”

आठवत होतं. आइस्क्रीम खाते म्हणून ते तिला रागवायचे.

राखणदाराला विझवणारं औषध निरंजनांनीच करून ठेवलं होतं. पण तो एकदा विझला की पुन्हा पेटणार नव्हता, आणि खाली मृदुलाचं सदोष जनुक उरणार होतं. “ताप उतरल्यावर दुसरा बसवू,” ते म्हणाले. “नाहीतर साधं, निरोगी जनुक तरी.”

“पाठवणार कशावरून? तो वाहक विषाणू तिच्या शरीराने तेव्हाच ओळखून ठेवलाय. तेव्हा तिला शिकता येत होतं ना. आता ते त्याला आत घेणार नाही.”

“दुसरा वाहक शोधू.”

“शोधू. वर्षं लागतील, आणि मिळेलच असं नाही. तिच्याकडे चार दिवस आहेत, निरंजन.”

इराच्या खोलीकडे जाताना, का कोण जाणे, त्यांना शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. इरा नाचायला उभी राहण्याआधी मृदुला तिच्या गालावर काजळाची तीट लावायची, दृष्ट लागू नये म्हणून. “इतक्या सुंदर चेहऱ्यावर डाग कशाला?” असं म्हणत निरंजन रुमालाने ती पुसायचे. मायलेकी दोघी त्यांच्यावर रुसायच्या.

त्यांनी इराला काहीही न लपवता सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“आईला अडतीस मिळाली ना?”

“हो.”

“मग मी आत्ता अर्ध्यावर आहे. दे औषध.” जरा दम खाऊन ती म्हणाली, “आणि बाबा, असा चेहरा करून बसू नकोस. आधीच जेवण जात नाहीये मला.”

निरंजन हसायला गेले आणि त्यांना रडू कोसळलं. इराने त्यांचा हात धरून ठेवला.

औषध दिलं. पुढच्या दोन दिवसांत निरंजनांनी देवाजवळ काय मागितलं असेल? जन्मभर ज्या चुकांशी ते लढले, त्यांतलीच एक. तिसऱ्या दिवशी दुपारी शबाना दारात आल्या.

“चुका व्हायला लागल्या,” त्या म्हणाल्या. “एक बरोबर बसलीय.”

निरंजनांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्याच वेळी पोरीच्या आतड्यात कुठेतरी दुसऱ्या चुकाही सुरू झाल्या असतील, त्याही आता कुणी पुसणार नाही, हे त्यांना कळत होतं. शबानांनाही कळत होतं.

ताप उतरला. घरी जायच्या दिवशी इराने आरसा मागितला, पिशवीतली काजळाची कांडी काढली आणि बाबांच्या हातात दिली. निरंजनांनी तिच्या गालावर तीट लावली. सवय नसल्यामुळे ती जरा मोठीच झाली. ती नीट करायला म्हणून त्यांचा हात रुमालाकडे गेला.

“असू दे, बाबा,” इरा म्हणाली. “पुसू नकोस.”

त्यांनी रुमाल परत खिशात ठेवला.