आतली कडी

शववाहिनीच्या मागच्या दाराला आतून कडी नसते. आत जाणाऱ्याला बाहेर यायची घाई नसते, इतकं साधं ते. बाबांनी कारखाना काढला तेव्हापासून गाड्या अशाच बनत आल्या. पण या वेळी धाकट्याने नव्या गाडीच्या दाराला आतून कडी बसवली.

"मेलेला माणूस कडी काढून चहाला जाणार आहे का रे?" थोरला हसला.

"मेलेला नाही दादा. आत झाडायला गेलेला अडकला तर?"

बाबांनी कडी दोनदा उघडून लावून पाहिली आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतलं जाड अस्तर त्याचं. दाराची रबरी पट्टीही त्याचीच, इतकी घट्ट की आवाज काय, वाराही आत शिरू नये. त्याने आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं, पण तो एक शब्द कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता.

दुपारी दोघं जेवायला गेल्यावर तो गाडीत शिरला. कडी काढून खिशात टाकली आणि स्क्रूच्या भोकांवर अस्तर ओढू लागला. तेवढ्यात मागे दार हलकेच लागलं.

आधी त्याला हसूच आलं. मग त्याने हाका मारल्या, लाथा घातल्या. अस्तराने सगळं गिळलं. नव्या रेक्झिनचा वास घशात बसला, श्वास जड झाला. शेजारचा ट्रे, ज्यावर अजून कुणीच निजलं नव्हतं, रोलरवरून सावकाश सरकत आला आणि त्याच्या गुडघ्याला टेकला.

"काम छान झालंय..." अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं. "शाब्बास..."

त्याची बोबडी वळली. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याचे डोळे भरून आले.

दार उघडलं. बाहेर उघडणारं कुणीच नव्हतं. धाकटा हात पुसत अंगणाच्या पलीकडून येत होता.

"दादा, पांढराफटक पडलायस! आणि कडी कुठाय?"

"सुटून पडली असेल... आतच कुठेतरी," उतरता उतरता थोरला म्हणाला.

धाकटा वाकून आत शिरला, चाचपडू लागला. मग एकदम थांबला.

"दादा... आत कोण आहे? मला शाब्बास म्हणतंय..."

भीती वाटायच्या आधी थोरल्याच्या पोटात जुनीच आग पेटली. हाही शब्द यालाच?

त्याचा तळहात दारावर टेकला. कडी अजून खिशातच होती.

"शाब्बास..." त्याच्या कानाशी कुणीतरी म्हणालं.