घाटजाईच्या वळणावरचा अर्धा सेकंद

“हात स्टीअरिंगवरून काढायचा न्हाई. देवी आली की नमस्कार मनात करायचा. तिला मनातलं दिसतं, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसत न्हाई.”

आबांचं हे सांगणं वैजयंती शेलारच्या मनात आलं तेव्हा ती मज्जासंकेत संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, डोक्याला चोवीस तारा लावून एका अर्ध्या गाडीत बसली होती. गाडीला चाकं नव्हती, पुढच्या काचेच्या जागी पडदा होता. आबा म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्यांनी तिला अठराव्या वर्षी घाटात गाडी शिकवली, तेव्हाचं हे सांगणं. वैजयंती आता अठ्ठेचाळीसची होती, हायस्कुलात विज्ञान शिकवत होती, आणि आबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“काय गं ह्या तारा! डोक्यात गजरा माळल्यागत दिसतीस,” कोपऱ्यातून हौसाबाई म्हणाल्या. हौसाबाई तिच्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, उजव्या मांडीत सळई, शेजारी चौपायी काठी. वैजयंती त्यांना, त्या भागातल्या सगळ्या सुनांसारखी, आत्याबाई म्हणायची.

“आत्याबाई, हलू नका म्हणालेत. हसवू नका मला.”

“मी कुठं हसवतीया? हाय ते सांगितलं.”

डॉ. लीलावती ओगले पडद्याआडून हसल्या. मेंदूतल्या संकेतांवर त्यांनी उभा जन्म काढला होता. त्यांच्या शेजारी इंजिनियर फारुख इनामदार उभे होते. ते मात्र हसले नाहीत. ज्या यंत्रामुळे हे सगळे इथे जमले होते, तो गाडीतला ‘हेतुवाचक’ त्यांनी घडवला होता.

झालं होतं ते असं. दोन महिन्यांपूर्वी सकाळी वैजयंती आणि हौसाबाई कऱ्हाडहून चिपळूणला बारशाला निघाल्या होत्या. हौसाबाईंच्या नातीच्या मुलीचं बारसं. घाटात, घाटजाईच्या देवळापाशी, गाडी एकाएकी डावीकडे वळली. वैजयंतीने ती उजवीकडे ओढली, गाडी दीड वेळा स्वतःभोवती फिरली आणि मागच्या बाजूने कठड्यावर आदळली. वेग चौऱ्याण्णव होता. पाटीवर चाळीस लिहिलं होतं. हौसाबाईंचं मांडीचं हाड मोडलं. वैजयंतीला खरचटलंसुद्धा नाही, आणि याचंच तिला जास्त लागलं.

वेगाची शिक्षा झाली, परवाना सहा महिने जमा झाला. तिने तक्रार केली नाही. पण गाडीच्या स्मृतिपेटीत एक ओळ निघाली: “दहा बेचाळीस आणि सात सेकंद. तीव्र डावे वळण. हेतू चालकाचा.”

डावीकडे कठडा होता आणि शेजारच्या सीटवर सासू.

चौकशी अधिकाऱ्याने ती ओळ दोनदा वाचून दाखवली. नणंदेने फोनवर फार हळू आवाजात विचारलं, “वहिनी, रागावू नकोस. पण तसं काही मनात आलं होतं का गं?” वैजयंती ‘नाही’ म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर देवघरासमोर बराच वेळ बसून राहिली. मनात आलं नव्हतं हे आपलं आपल्याला तरी कसं कळायचं? यंत्राला काही दिसलं होतं. ते काय, हे शोधायला ती आपणहून इथे आली होती.

“मला एकदा सरळ सांगा,” ती म्हणाली. “हा हेतुवाचक नक्की काय वाचतो?”

“माणूस हात हलवतो, त्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते,” ओगले म्हणाल्या. “त्या तयारीचा एक बारीक तरंग उठतो. आम्ही त्याला सज्जतासंकेत म्हणतो.”

“तो मी गाडीला ऐकवला,” इनामदार म्हणाले. “डोकं टेकायच्या उशीत यंत्र बसवलं. ताशी शंभरच्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे चौदा मीटर, बाई. समोर कुणी आलं तर पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच गाडी थांबायला लागते. त्या चौदा मीटरमध्ये माणसं वाचली आहेत. म्हणून केलं होतं.”

“सारखं ऐकते का ती?”

“नाही. साठच्या खाली यंत्र झोपलेलं असतं, तिथे गरज नसते. साठच्या वर दोनच गोष्टी पाळते, वळण आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर तुमच्या पायावरच सोडला आहे. पहिल्या गाड्यांत पाय उचलावासा नुसता वाटला तरी वेग कमी व्हायचा, हिसके बसायचे. लोक वैतागले. आता पायाचे संकेत फक्त नोंदवून ठेवतो.”

“आणि डावं वळण म्हणजे काय, हे तिला कोण शिकवतं?”

“चालकच. पहिला महिना यंत्र नुसतं बघतं. हा संकेत आला, पाठोपाठ हात असा फिरला. तो संकेत आला, हात तसा फिरला. जोड्या लावून ठेवतं.”

“म्हंजे नवी सून जशी पहिला महिना घर बघती,” हौसाबाई म्हणाल्या.

“अगदी तसंच, आजी.”

“आमची तर अजून बघतीया.”

पडद्यावर घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्याला उजव्या हाताला घाटजाईचं शेंदरी देऊळ आलं, बाहेर टांगलेली घंटा आली. ओगल्यांच्या यंत्रावर एक उंच शिखर उठलं.

“थांबवा! हाच तो. हात हलला?”

“नाही,” इनामदार चित्रण मागे नेत म्हणाले. “दोन्ही हात स्टीअरिंगवर. बोटसुद्धा नाही हललं.”

“पुन्हा लावा.”

चार वेळा घाट झाला. चारही वेळा देवळापाशी शिखर उठलं आणि हात जागचा हलला नाही.

वैजयंती हळूच म्हणाली, “मी नमस्कार करते.”

“कशानं?”

“मनानं.” मग तिने आबांचं सगळं सांगितलं. घाटजाईसमोरून जाताना लोक उजवा हात उचलून छातीला लावतात, कपाळाला लावतात. आबांना ते चालायचं नाही. तीस वर्षांत तिचा हात एकदाही सुटला नव्हता, आणि नमस्कार एकदाही चुकला नव्हता.

इनामदारांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला. हवेतल्या स्टीअरिंगवरून तो वर उचलला, डावीकडे छातीपाशी आणला. पुन्हा तसंच केलं. मग खुर्चीत बसले.

“वर आणि डावीकडे. स्टीअरिंग धरून हाच हात असा गेला तर गाडी डावीकडे वळते,” ते म्हणाले. “यंत्राला जवळची ओळख तीच सापडली.”

“पण घाटात सगळेच नमस्कार करतात,” ओगले म्हणाल्या. “त्यांच्या गाड्या कशा नाही वळल्या?”

“कारण ते खरोखर हात उचलतात, मॅडम. पहिल्या महिन्यात यंत्राने संकेत पाहिला, पाठोपाठ उचललेला हात पाहिला, जोडी लागली: हे वळण नाही. यांचा संकेत आला आणि पाठोपाठ काहीच आलं नाही. जोडीच लागली नाही. आम्ही यंत्र तयार केलं ते चाचणीच्या बंद रस्त्यावर. तिथे एकही देऊळ नव्हतं.”

आबांचं ऐकलं नसतं तर गाडीला कळलं असतं, हे वैजयंतीच्याही ध्यानात आलं होतं. हौसाबाईंनी ते ओळखलं असावं.

“त्यांनी बरोबरच शिकवलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या वक्ताला मनातलं वाचणारी देवीच तेवढी व्हती.”

ओगल्यांनी चष्मा पुसला. “एवढ्याने चौकशी अधिकारी मानणार नाहीत. ते म्हणतील, गाडी वळवायचं मनात होतं आणि नमस्काराचं नाव पुढे केलं. पण एक गोष्ट आहे. मेंदू तयारी करतो, आणि कित्येकदा ऐन वेळी ती मागे घेतो. त्या मागे घेण्याचाही तरंग असतो, पाव सेकंदाने उशिरा येणारा. मी त्याला आवरसंकेत म्हणते. हेतुवाचक तोवर थांबत नाही, म्हणून त्याला तो कधी दिसलाच नाही. अपघाताच्या मूळ नोंदीत तो सापडला, तर यांना हात हलवायचा नव्हता हे सिद्ध होतं.”

“माणूस असं सारखं आवरत असतो?” इनामदारांनी विचारलं.

“दिवसातून शेकडो वेळा.”

“ह्यासाठी एवढं मशीन कशाला?” हौसाबाई काठी टेकत उठल्या. “सून घरात आल्यापास्नं मी दुसरं काय करतीया?”

नोंद उलगडायला तीन तास लागणार होते. वैजयंती हौसाबाईंना बाहेर अंगणात घेऊन आली. तिथे लिंबाखाली बाक होता. हौसाबाईंना त्या दिवशी चतुर्थीचा उपास होता; तिने डब्यातली राजगिऱ्याची वडी काढून दिली. त्यांनी ती मोडून अर्धी तिच्याच हातावर ठेवली.

“मी सगळ्यांस्नी सांगितलंय,” हौसाबाई म्हणाल्या. “पोरीला वेगाचं कळलंच न्हाई. गाडीला ना आवाज, ना हिसका. मी तीनदा म्हणलं हळू, पण तिच्या कानापातूर पोचलं न्हाई. आपल्याच तंद्रीत व्हती.”

“मला खरंच ऐकू आलं नाही, आत्याबाई.”

“म्हणून तर ठासून सांगते. तुझी नणंद फोनवर काय बोलली ते ठाऊक हाय मला. तिला म्हणलं, बाई, माझ्या पायात सळई हाय, डोक्यात न्हाई. माझ्या सुनेला मी वळखते.” त्यांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. “पर एक कबूल कर. आत जे काय निघंल, ते तू सांगायचं मला. त्या बाईनं न्हाई, इनामदारांनी न्हाई. आणि गोड करून न्हाई.”

“सांगेन.”

“देवाशपथ नको. नुसतं म्हण.”

“सांगेन, आत्याबाई.”

चार वाजता ओगल्यांनी तिला एकटीला आत बोलावलं. इनामदारांचे डोळे लाल होते, पण चेहरा उजळला होता.

“सापडला,” ते म्हणाले. “दहा बेचाळीस सात. तयारी, आणि पाव सेकंदाने आवर. इतका स्वच्छ की शाळेतल्या मुलालाही दाखवता येईल. बाई, तुम्ही काही केलं नाही. गाडीने तुमचा नमस्कार पुरा होऊच दिला नाही. उद्यापासून एकही हेतुवाचक आवरसंकेताची वाट पाहिल्याशिवाय हलणार नाही. मग त्याचा उपयोग निम्मा उरेल. उरू दे.”

वैजयंतीने दोन्ही हात जोडले. खरोखरचे.

“आणि हे बाकीचं काय आहे?” मग तिने विचारलं. पडद्यावर त्या एका शिखराच्या आधी, सहा मिनिटांच्या नोंदीत, आणखी सात बारीक खुणा होत्या.

ओगल्यांनी चष्मा सारखा केला. “आवरसंकेताची चाळणी एकदा लावली की ती सगळ्याच नोंदीला लागते. मला ते विचारलेलं नाही. अधिकाऱ्यांचा प्रश्न त्या एका सेकंदाबद्दल आहे.”

“पण मी विचारते आहे.”

“हा उजवा पाय आहे,” इनामदार अगदी खालच्या आवाजात म्हणाले. “ॲक्सिलरेटरवरून उचलायची तयारी. आणि मग... आवर. सात वेळा.”

“गाडीतला आवाज नोंदला असेल ना? तो सोबत लावा.”

त्यांनी लावला. टायरांची घरघर आली. मग हौसाबाईंचा आवाज: “वैजू, हळू गं.” पडद्यावर पायाची तयारी उठली, आणि विझली. थोड्या वेळाने पुन्हा: “वैजू, हळू बाई.” पुन्हा उठली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तसंच. तीन खुणा आवाजानंतर लगोलग होत्या. उरलेल्या चार तिच्या स्वतःच्या होत्या.

ऐकू आलं होतं. सातही वेळा पाय उचलायला निघाला होता आणि तिने तो दाबून धरला होता.

तिला ती सकाळ आठवली. ती तयार होऊन दारात उभी होती आणि आत्याबाईंची पूजा संपत नव्हती. मग तुळशीला पाणी, मग शेजारणीला निरोप. बारशाची वेळ बाराची, निघायला तासभर उशीर. ती एक शब्द बोलली नव्हती. आपण बोललो नाही याचं तिला कौतुकही वाटलं होतं. तो राग पायात उतरला होता, आणि आत्याबाई ‘हळू’ म्हणाल्या की तो आणखी घट्ट व्हायचा.

आणि साठच्या खाली यंत्र झोपलेलं असतं. सातांतल्या एका वेळी जरी पाय उचलून वेग साठच्या खाली येऊ दिला असता, तरी देवळापाशी गाडीने तिच्या मनाकडे पाहिलंही नसतं.

“हे पान अहवालाला जोडलंच पाहिजे असं नाही,” ओगले म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती. “वेगाची शिक्षा होऊन गेली आहे. याने कायद्यात काही बदलत नाही. आणि खरं सांगू? आपण काय आवरलं, हे माणसाला स्वतःलाही पुष्कळदा आठवत नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत.”

“नाही,” वैजयंती म्हणाली. “पण आता माहीत झालं.”

मघाशी डोक्यावरून काढून ठेवलेल्या तारा तिने एकेक करून सोडवल्या, नीट गुंडाळून टेबलावर ठेवल्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. हौसाबाई बाकावर बसून माळ्याशी बोलत होत्या आणि काठीने काही तरी खूण करून दाखवत होत्या. माळी हसत होता. बहुधा त्यालाही त्या तेच सांगत होत्या, गाडीला ना आवाज, ना हिसका, पोरीला कळलंच नाही.

“मी जाऊन सांगू का त्यांना? तुमची सुटका झाली म्हणून?” इनामदार म्हणाले. “आनंद होईल आजींना.”

“नको,” ती म्हणाली. “मला सांगायचं आहे.”

तिने पदर सारखा केला, चपला घातल्या, आणि दार हलकेच ओढून घेऊन अंगणाच्या पायऱ्या उतरू लागली.