गारव्याची जागा

चंद्रावर माणसं गारठून मरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सुमित्रा उकिडवेला विचारावं. ती तिथल्या वसाहतीची उष्णता-अभियंता. उष्णता बाहेर टाकणारे पत्रे उल्कांच्या माऱ्यात फुटले आणि आत भट्टी झाली.

"अहो, बाहेर एवढी थंडी! उष्णता जाईल की आपोआप," वसाहतप्रमुख नाडगौडा घाम पुसत म्हणाले.

"कशी जाईल, सर? बाहेर हवाच नाही. थर्मासमधल्या चहासारखे बसलोय आपण. उष्णता नाहीशी करता येत नाही. एका खोलीतून उपसायची नि दुसरीत कोंबायची, एवढंच आपल्या हातात. त्यात उपसणाऱ्या पंपाची स्वतःची उष्णता वर."

"कोंबणार कुठं?"

"धान्यकोठारात. सगळ्यात गार तेच, आणि तिथं माणूस नसतो. आधी पाळणाघर वाचवते."

पाळणाघरात वसाहतीतली सगळी मुलं होती आणि त्यांत तिची चार वर्षांची शाल्मली. बाईचा जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला सांगा!

दिवे, कॅमेरे, फोन, जे जे तापतं ते ते तिनं आधीच बंद करायला लावलं होतं. चालू होते फक्त तापमापक. गरम हवा उलटी फिरू नये म्हणून कोठाराचं दार तिनं नियंत्रणकक्षातूनच बंद केलं आणि पंप सोडला.

पाळणाघराचा काटा उतरू लागला. हिशेबापेक्षाही भराभर.

"वा, शाब्बास!" नाडगौडा म्हणाले.

सुमित्रा हसली नाही. उष्णता कुणाला सूट देत नाही मेली! तिनं कोठाराचा काटा पाहिला. पाळणाघरात हिशेबापेक्षा जेवढी उष्णता कमी भरत होती, बरोब्बर तेवढीच तिथं जास्त होती.

"सर, कोठारात काहीतरी उष्णता टाकतंय."

"काय टाकणार? सगळं बंद आहे."

"माणसाचं अंगही शेगडीच असतं," ती कशीबशी म्हणाली. "लहान मुलाचंसुद्धा."

नाडगौडांचा चेहरा पांढराफटक पडला. "पाळणाघरातल्या वत्सलाताई मघाशी विचारत होत्या, पोरं कासावीस झालीत, निजवू कुठं? मीच म्हटलं, सगळ्यात गार जागा बघा."

सुमित्रा किंचाळली. तिनं पंप उलटा फिरवला. नाडगौडा कोठाराकडे धावले, पण दार तापून फुगलं होतं, चौकटीत रुतून बसलं होतं. माणसं पहारी घेऊन भिडली.

ती काट्यावरून नजर काढेना. कोठार निवत होतं, पण फार सावकाश. मग तिथली हिशेबाबाहेरची, अंगांची जादा उष्णता कमी कमी होत गेली. दार निघायच्या आधीच काटा तिच्या हिशेबाशी तंतोतंत जुळला, कोठारात कुणीच नसावं तसा.