आधी बोल, मग गा

मशीनमध्ये टाकताना शर्ट पांढराशुभ्र होता. बाहेर आला तो गुलाबी!

"अगं बाई... माझा परकर!" सुचित्राच्या तोंडून निघून गेलं.

शर्ट हातात धरून उभा असलेला उंच, सावळा मुलगा गर्रकन वळला. डोक्यावर काउबॉय हॅट, पायांत टोकदार बूट, आणि मराठी मात्र थेट माजघरातली. "परकर म्हणजे... आजी साडीच्या आत घालते तो?"

सुचित्राला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण या लाँड्रोमॅटसकट आत जावं. १९८१चा ऑगस्ट होता. नागपूरहून सिरॅमिक्समध्ये मास्टर्स करायला स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात येऊन तिला जेमतेम बारा दिवस झाले होते. तिनं मशीन रिकामं केलं खरं, पण नवाकोरा मरून परकर तळाशी चिकटून राहिला होता, आणि या महाशयांनी आत न बघता आपले कपडे कोंबले होते.

"मी... मी नवा शर्ट आणून देते," ती म्हणाली.

"आजच्या आज? संध्याकाळी काउंटीच्या जत्रेत गायचंय मला."

"मग आता?"

"आता गुलाबी," तो हसला. "पण एक कंडिशन. तू यायचं. लोक हसले तर मी बोट कुणाकडे दाखवू, यार?"

पहिल्याच भेटीत 'तू'! नागपुरात कुणी असं म्हटलं असतं, तर तिनं त्याला चांगला सरळ केला असता. इथे मात्र तिला हसू फुटलं.

त्याचं नाव उल्हास. वडील डॉक्टर, तिथून दोन तासांवरच्या कोळशाच्या खाणींच्या गावातले, आणि अख्ख्या गावात घर काय ते यांचंच एक मराठी. म्हणून उल्हासच्या मराठीत 'तुम्ही' कधी शिरलंच नाही. बोलायला होती फक्त आई. गिटार त्याला शेजारच्या शेतकऱ्यानं शिकवली. गाई-बैल, मालगाड्या आणि मोडलेली मनं यांची गाणी हा मुलगा अशी गायचा, की डोळे मिटले तर याच्या सात पिढ्या टेनेसीत गेल्या असाव्यात असं वाटे.

जत्रेत लोक हसले नाहीत. पहिल्या गाण्यानंतर टाळ्या, दुसऱ्यानंतर शिट्ट्या... आणि तिसऱ्या गाण्यात त्यानं मक्याच्या कणसांच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या सुचित्राकडे असं काही पाहिलं, की तिच्या हातातलं कणीस खायचं राहूनच गेलं.

मग काय! दर रविवारी त्याचा खडखडणारा पिकअप ट्रक तिच्या अपार्टमेंटखाली उभा. तो तिला पाइनच्या जंगलातून हिंडवायचा, ती त्याला पिठलं खिलवायची. तो नवं गाणं ऐकवायचा, ती नाक उडवून म्हणायची, "चाल बरी आहे." त्यातल्या प्रत्येक गाण्यात एक मुलगी असायची. निळ्या दुपट्ट्याची, हट्टी हनुवटीची. गाण्यात तो तिच्यासाठी नद्या ओलांडायचा, डोंगर चढायचा. गाणं संपलं की मात्र मान खाली! "कॉफी घेणार?" एवढंच.

दीड वर्ष गेलं. सुचित्राला सनीव्हेलच्या एका चिप कंपनीतून नोकरीचं पत्र आलं, उल्हासला गाण्यासाठी नॅशव्हिलहून बोलावणं. एक देशाच्या पार पश्चिम टोकाला, दुसरं दक्षिणेत. आता तरी हा तोंड उघडेल, असं तिला वाटत होतं. तिला गाणं नको होतं. एक साधं वाक्य हवं होतं.

तो बोलला, पण कसा, ते ऐका.

संक्रांतीचं हळदीकुंकू सरलाकाकूंकडे होतं. सरलाकाकू म्हणजे गावातल्या समस्त मराठी विद्यार्थ्यांच्या आईच्या जागी. बाहेर गुडघाभर बर्फ, आत जरीच्या साड्या. बायका एकेक करून नाव घेत होत्या आणि वाणाची स्टीलची वाटी मिळवत होत्या. सुचित्राला न्यायला आलेला उल्हास हॅट हातात घेऊन दारात उभा राहिला आणि लक्ष देऊन ऐकू लागला. दोन ओळी, यमक आणि एक नाव! अरे, हा तर आपला रोजचा धंदा!

"काकू, मी म्हणू?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्यानं ठणकावून म्हटलं,

"बर्फात अडकला ट्रक, इंजिन झालं थंड,
सुचित्राचं नाव घेतो, वाजवा रे बँड!"

मग एकच कल्लोळ! कुणी सुचित्राला कुंकू लावलं, कुणी तोंडात तिळगूळ कोंबला, कुणी "कधी ठरलं गं? आणि आम्हाला पत्ता नाही!" म्हणून लटकं रागावलं. सरलाकाकू तर नागपूरला फोन लावायला धावल्याच.

सुचित्रा त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. कान लाल झाले होते, पण आत कुठेतरी लाडू फुटत होते.

"नाव कोण घेतं, माहितेय तुला? लग्न झालेले घेतात. नाहीतर ठरलेले. तू चाळीस माणसांसमोर..."

"ओ माय गॉड." उल्हासचा चेहरा पडला. "मला वाटलं, गेम आहे. वाटी मिळते ना..."

"म्हणजे तुझ्या मनात काहीच नव्हतं?"

"तसं नाही... आय मीन... यमक जुळलं, म्हणून..."

यमक जुळलं म्हणून! तिनं ओट्यावरची एक वाणाची वाटी त्याच्या हातात कोंबली, कोट चढवला आणि बर्फातून चालत घरी गेली. महिन्याभरात तो नॅशव्हिलला गेला. जूनमध्ये ती सनीव्हेलला.

आणि मग उल्हास असा काही वर गेला, की बघत राहावं. आधी बारमध्ये, मग मोठ्या गायकांच्या आधी दोन गाणी, मग स्वतःची रेकॉर्ड. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुचित्रा फ्रीवेवर गाडी चालवत होती, रेडिओवर त्याचा आवाज आला आणि तिचा एक्झिट चुकला. पुढचाही चुकला. ऑफिसला पोचली तेव्हा मीटिंग संपलेली होती.

तरी रविवार काही मोडला नव्हता. आता त्याचा फोन यायचा, कुठल्या कुठल्या ट्रकस्टॉपवरून. "नवं गाणं ऐकवू?"

"गाऊ नकोस. बोल."

"...इथे ऊन छान आहे," तो म्हणायचा. तिला रडूही यायचं आणि हसूही.

शेवटी पंचाऐंशीच्या एप्रिलमध्ये ती म्हणाली, "बाबांनी फ्रीमाँटचा एक मुलगा सुचवलाय. अमित. येत्या रविवारी पोहे खायला येणार आहे." उल्हासनं फोन ठेवून दिला. तीही चिडून कांदे आणायला गेली.

रविवारी सकाळी दहाला पोहे परतत असताना खालून हॉर्न वाजला. असा दणदणीत, की काचा थरथरल्या. तिनं खिडकीतून पाहिलं. पार्किंगमध्ये एक अवाढव्य बस आडवी उभी होती, अंगावर पुरुषभर अक्षरांत उल्हासचं नाव. भोवती बिल्डिंगमधली यच्चयावत मुलं, आणि बसला वाट करून द्यायला हातवारे करणारा एक चष्मेवाला तरुण. तो फोटोत पाहिलेला अमित होता!

सुचित्रा हातात झारा घेऊनच खाली धावली. उल्हास बसमधून उतरला. गिटार नाही, हॅट नाही. दहा हजार माणसांसमोर गाणारा हा माणूस रिकामे हात खिशात घालत होता, काढत होता.

"मी रात्रभर... म्हणजे टेक्ससपासून प्रॅक्टिस करतोय," तो म्हणाला. "यमक नाही जुळत. सो... तसंच बोलतो. सुचित्रा, मला... तू आवडतेस. लाँड्रोमॅटपासून. तू नसलीस ना, की... मला जेवण जात नाही. लग्न करशील? जॉब सोडू नकोस. बस काय, कुठेही उभी राहते. मी इथे परत येईन. एव्हरी टाइम."

"एवढंच?" तिनं झारा रोखून विचारलं.

"एवढंच. अजून काही नाही माझ्याकडे."

"अरे वेड्या, एवढंच तर हवं होतं! चार वर्षं!" आणि झाऱ्यासकट तिनं त्याला मिठी मारली.

अमितनं घसा खाकरला. "माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण पोहे आहेत ना? आणि एक ऑटोग्राफ."

त्या दिवशी ड्रायव्हर आणि बँडचे चौघे धरून आठ जणांनी पोहे खाल्ले.

लग्न झालं, फ्रीमाँटला टाउनहाउस झालं, वीणा झाली. रेकॉर्डवर रेकॉर्ड आल्या. बस देशभर हिंडायची आणि दर तीन आठवड्यांनी घरी यायची. शेजाऱ्यांनी तक्रार करून पाहिली, मग मुकाट्यानं आपल्या गाड्या पुढे लावू लागले. रोज संध्याकाळी सहाला फोन. वीणा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडायची, "Daddy, sing!" आणि मागून सुचित्रा म्हणायची, "आधी बोल, मग गा." मग तो ते वाक्य म्हणायचा. रोज. बँडचे चौघेही ते ऐकून ऐकून पाठ करून बसले होते.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये शिकागोला त्याचा घसा पार बसला. कार्यक्रम रद्द. सहाला फोन वाजला आणि पलीकडून टेनेसीच्या चार दणकट गड्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "सुचिट्रा, मला टू आवडटेस!"

सुचित्राची हसून हसून पुरेवाट झाली. डोळे पुसत ती म्हणाली, "थँक यू. आता त्याला द्या फोन."

"मॅम, ही हॅज नो व्हॉइस."

"असू दे."

थोडी खरखर झाली. मग फुटक्या भांड्यासारखा, अजिबात न ओळखू येणारा आवाज आला. ना सूर, ना ताल. पण वाक्य पुरं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

"ऐकलं," सुचित्रा म्हणाली. "आता गरम पाणी पी, आणि घरी ये."