ट्रंकेचा तळ

"मी येणार नाही! एकदा सांगितलं ना!" दादाने निमंत्रणपत्रिका टेबलावर टाकली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अहो, सख्खी बहीण निवृत्त होतेय तुमची," बायको समजुतीच्या सुरात म्हणाली. "स्वतःच्या हाताने लिहिलंय बघा तिने... 'दादा, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखून ठेवली आहे.' एवढी मोठी प्राध्यापक! माल वेळेवर कसा पोचवायचा ते विचारायला देशोदेशीची माणसं तिच्याकडे येतात..."

"माल पोचवता येतो तिला. भावाला उत्तर नाही पोचवता आलं!"

शब्द निसटले मात्र, आणि दादा स्वतःच दचकला. अडतीस वर्षं जे त्याने बायकोच्याही कानावर घातलं नव्हतं, ते असं अवचित बाहेर पडलं होतं! आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं.

वडील गेले तेव्हा दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि गोदामात जाऊन पाठीवर पोती घेतली. का, तर धाकटीचं शिक्षण थांबू नये! त्याबद्दल त्याने कधी हूं की चूं केलं नाही. धाकटी शाळा सुटली की त्याचा डबा घेऊन यायची आणि पोत्यांवर बसून प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायची.

"दादा, हे खोकं आधी का चढवलं?"

"अगं वेडे, शेवटच्या थांब्यावर उतरायचं ते आधी चढवायचं. नाहीतर अख्खा ट्रक रस्त्यात उपसावा लागेल!"

हमाल हसायचे, पण ती मात्र वहीत टिपून घ्यायची. पुढे पदवी झाली, आणि दूरच्या विद्यापीठात मालवाहतुकीच्याच अभ्यासासाठी तिची निवड झाली. त्या दिवशी दादाने अख्ख्या गोदामाला चहा पाजला होता. तिची पत्र्याची ट्रंक त्याने स्वतः भरली, ट्रक भरावा तशी अगदी रीतसर, आणि सगळ्यात आधी, तळाशी, एक पत्र ठेवलं. सगळं सामान लावून झालं की शेवटी ते तिच्या हाती लागेल आणि ती निवांत बसून वाचेल, असा त्याचा हिशेब होता. तोंडाने मागायला जीभ रेटत नव्हती त्याची.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. धाकटीची पत्रं दर आठवड्याला येत होती; त्यांत खोलीची खिडकी होती, खाष्ट ग्रंथपाल होता, सगळं सगळं होतं... फक्त त्याने विचारलेल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नव्हतं! हमाल भाऊ तिथे नको असेल तिला, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याचं अंतःकरण मिटून गेलं. संबंध तुटले नाहीत. आई गेली तेव्हा दोघं शेजारी उभे होते, पण बोलणं मोजकं, कोरडं. आपलं काय चुकलं हे धाकटीला कधीच कळलं नाही.

बायकोने डोळे पुसले. "तुम्हाला नसेल यायचं तर मी एकटी जाते," ती म्हणाली. तेव्हा कुठे दादा कुरकुरत चपला घालायला उठला.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेतली खुर्ची तशीच ठेवून दादा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. वक्ते एकामागून एक सांगत होते. तरुणपणी या बाईंनी दोन वर्षं लहान लहान आरोग्य केंद्रांच्या औषधखोल्यांत काढली होती. ट्रक वेळेवर येत होते, औषधं होती, तरी रोगी रिकाम्या हाताने परतत होते. का? तर नवी खोकी जुन्यांच्या पुढे रचली जायची, आणि मागची औषधं तिथेच मुदत संपून वाया जायची! बाईंनी दोन्ही बाजूंनी उघडणारं कपाट करून घेतलं: मागून भरायचं, पुढून काढायचं. 'कपाटावर डॉक्टरेट' म्हणून लोकांनी टिंगल केली. आज हजारो केंद्रांत ती कपाटं होती, आणि कितीतरी आयांच्या लेकरांना औषध वेळेवर मिळत होतं!

दादाचा ऊर नकळत भरून आला. तेवढ्यात धाकटी बोलायला उठली. पांढरे झालेले केस, तोच खणखणीत आवाज. "माझे पहिले गुरू कुठल्या विद्यापीठात नव्हते," ती म्हणाली. "ते गोदामात ट्रक भरत होते. माझा दादा... मी आयुष्यभर त्याचंच बोलणं आकडेमोड करून सिद्ध करत आले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाला समोरचं काही दिसेना.

समारंभानंतर तो बायकोबरोबर धाकटीच्या विद्यापीठातल्या क्वार्टरवर गेला. दुसऱ्या दिवशी जागा सोडायची होती. सगळीकडे खोकी, आणि मधोमध तीच पत्र्याची ट्रंक! धाकटी तिच्यात कपडे कोंबत होती.

"ही काय भरायची रीत झाली?" दादाला राहवेना. "जगाला शिकवतेस आणि..."

"घरात मी अशीच रे. वरचं काढायचं, वरच टाकायचं. तळ बघितलाय कुणी!"

"सर बाजूला. रिकामी केल्याशिवाय भरायची नसते."

तो उपसू लागला. स्वेटर, जुन्या वह्या, आईची शाल... मग तळाचा पिवळा पडलेला कागद, आणि त्यावर एक पाकीट. त्याचंच अक्षर. डिंक जसाच्या तसा!

दादाने ते उलटून पाहिलं. ट्रक शेवटच्या थांब्यावर रिकामा होतोच. ट्रंक कुणी कधी पुरती रिकामी करत नाही, हे तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पत्र वाचलंच नव्हतं... आणि आपण अडतीस वर्षं त्या निष्पाप जिवावर रुसून बसलो! पण आज तिच्या कौतुकाचा दिवस. हे कळलं तर कोसळेल ती. त्याने पाकीट हळूच खिशात सरकवलं.

"काढा ते बाहेर!" बायको कडाडली. "आजवर एकटे कुढलात तेवढं पुरे झालं!"

धाकटीने पाकीट घेतलं, फोडलं, वाचू लागली. "धाकटे, तुझ्याच विद्यापीठात गोदामाच्या कामाचा दोन वर्षांचा वर्ग आहे. त्यात माझं नाव लागलंय. जवळपास राहायची सोय होते का बघ. पंधरा तारखेपर्यंत कळव. उत्तर आलं नाही तर अडचण आहे असं समजून इथेच मुकादम होईन. रागावणार नाही..."

तिला पुढे वाचवेना. "दादा! मी जगभर सांगत फिरले रे, मागे काय अडकलंय ते बघा... आणि माझ्याच ट्रंकेत तू... तुझं शिक्षण..."

"ठेवणारा मी होतो. माझी चूक."

"रागावणार नाही असं लिहिलं होतंस."

"खोटं लिहिलं," दादा म्हणाला, आणि तिला जवळ घेऊन लहान मुलासारखा रडू लागला.

बऱ्याच वेळाने धाकटीने पेन शोधलं आणि पत्राच्या पाठीवर लिहायला घेतलं.

"अगं, पंधरा तारीख केव्हाच उलटली!"

"उलटू दे." तिने लिहिलं, 'दादा, लगेच ये. सोय झाली आहे.' मग ती थबकली. "पण वहिनी, उद्यापासून मलाच घर नाही."

"कोण म्हणतं? ट्रंक आपल्या घरी जाणार," वहिनी म्हणाली. "माझं कधीच ठरलंय."

दादाने डोळे पुसले आणि ट्रंक भरायला घेतली. कागद, वह्या, स्वेटर, आईची शाल. सगळं रीतसर. पत्र त्याने अगदी शेवटी, सगळ्यात वर ठेवलं.

"घरी पोचल्यावर आधी हे काढायचं," तो म्हणाला, आणि त्याने झाकण लावलं.