पुसलेला निरोप

"हे तुम्हाला पटणार नाही," दिगूतात्या म्हणाले, "आणि पटावं असा माझा आग्रहही नाही. बारा वर्षं दरसाल सांगतोय. अजून एकानंही विश्वास ठेवलेला नाही. तुम्ही दोघं उगीच वेगळे निघू नका."

मच्छीमार सोसायटीच्या संदेशखोलीत तात्यांसमोर दोन शिकाऊ उमेदवार बसले होते, जालन्याची रेवा आणि लातूरचा साकिब. पावसाळी मासेमारीबंदीचा महिना होता. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या. भिंतीवरच्या पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती, किंवा सरकत असल्याचं निदान सांगत तरी होती. चार टक्के.

सकाळी किनारायंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं आली होती : मूळ कप्पा भरला. किनारायंत्र म्हणजे समुद्रातल्या तरंगत्या खुणांकडून वारा-लाटांची खबर घेणारं, ती होड्यांना देणारं आणि होड्यांचे निरोप पोटात जपून ठेवणारं यंत्र. त्याच्या साठ्याचे दोन कप्पे होते. मूळ कप्प्यात यंत्र स्वतः राहायचं, शेजारच्यात बाकीचं सामान. शेजारचा अर्धा रिकामा, मूळ कप्पा मात्र गच्च. रेवानं जागा रिकामी करणाऱ्या 'मोकळीक' या कार्यक्रमावर बोट नेलंच होतं, तेवढ्यात तात्यांनी तिचं मनगट धरलं आणि दुसरंच काम लावलं : यंत्र बंद ठेवून दोन कप्प्यांमधली भिंत सरकवायची.

"पाच तास, तात्या," रेवा पाय हलवत म्हणाली. "मोकळीक दोन मिनिटांत उरकते."

"म्हणूनच गोष्ट सांगतोय. बस खाली."

साकिब तिसऱ्यांदा उठून खिडकीपाशी गेला आणि परत आला.

"तर बारा वर्षांपूर्वी," तात्यांनी सुरुवात केली, "या खुर्चीत जयवंत नावाचा माणूस बसायचा. मी दाराशी जाळं शिवत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. यंत्र तेव्हाही असंच भरलेलं. इतकं, की कोपऱ्यातल्या घड्याळाला पुढचं मिनिट ठेवायला जागा नव्हती. अकरा वीसला थांबलं ते थांबलंच. दुपारची जेवणं झाली तरी आमचे अकरा वीस."

"काहीही!" साकिब हसला.

"ऐक तरी. वाऱ्याच्या अंदाजाचा नवा कार्यक्रम उतरवायचा होता आणि त्याला मूळ कप्प्यातच जागा हवी होती. भिंत सरकवायची तर यंत्र बंद ठेवावं लागणार. होड्या पाण्यात असताना ते बंद ठेवता येत नाही. जयवंतला बंदीच्या दिवसांत दोन महिने मिळाले होते. आज करू, उद्या करू. मोठा गप्पिष्ट माणूस. गप्पांना बसला की काम विसरायचा. शेवटी मोसम सुरू झाला आणि मग त्यानं मोकळीक चालवली."

"मग काय झालं? नको असलेलं पुसलं गेलं असेल," रेवा म्हणाली.

"ती साधी सफाई झाली. मोकळीक हुशार. नको असलेलं ती शोधतच नाही. जे पुन्हा घडवता येईल, ते ती पुसते. रोज सकाळी सात वाजता भरतीची तीच आकडेवारी येते? पुसून टाक. कुणी मागितलीच तर हिशेबानं तयार करून देऊ. माणसाचे निरोपही तसेच. एक माणूस रोज तेच बोलत असेल, तर त्याचा रोजचा आवाज कशाला जपायचा? आवाज कुणाचा तेवढं लिहून ठेवायचं. मागितला की बनवून द्यायचा."

रेवाचा पाय हलायचा थांबला.

"आमचा विश्राम तांडेल," तात्या म्हणाले. "होडीचा मालक. परतीला लागला की वायरलेसवरून बायकोला, सुरेखाला, एकच निरोप द्यायचा : 'येतंव गो, भात टाक.' यंत्र तो सुरेखाच्या फोनवर पाठवायचं. अकरा वर्षं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या दिवशी विश्राम आणि भरत खलाशी असे दोघं गेले होते. अंदाजाचा कार्यक्रम अजून उतरतच होता, आणि वारा काही त्याच्यासाठी थांबला नाही. दुपारी होडीतून निरोप आला. जयवंत कानावरचा हेडफोन काढून बाहेर चहाला गेला होता. चहा संपला, पण गोष्ट संपेना. आत मोकळीकनं पहिली दोन अक्षरं ऐकली, आवाज ओळखला, म्हणाली, हा तर आपला विश्राम. बाकीचं पुसलं. ठेवायला जागाच कुठे होती?"

"आणि सुरेखाबाईंना?" साकिबनं विचारलं. आता तो बसला होता.

"'येतंव गो, भात टाक.' त्याच आवाजात. मागे लाटांचा आवाजसुद्धा बेतशीर."

पडद्यावर नऊ टक्के झाले. तिघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"बाईनं भात टाकला असेल," रेवा हळूच म्हणाली.

"छे! बाई तशीच्या तशी पळत आली. हात तांदळाच्या पाण्यानं ओले, केस सुटलेले. या दारातून आत आली ती थेट पडद्याला बोट लावून ओरडली, 'ह्यो माझो घोव न्हय!' जयवंत म्हणतो, अगो, आवाज तर त्याचाच आहे. ती म्हणते, 'तीन दिस अबोलो आसा आमचो. तो माका गो म्हणुचो नाय. मरत असलो तरी म्हणुचो नाय!'"

साकिबला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं.

"खरंच होतं. विश्राम कट्टर. अबोला धरला की समोर बसलेल्या बायकोला शेजाऱ्याकरवी मीठ मागणारा माणूस. तिच्या माहेरच्या एका लग्नावरून भांडण झालं होतं. ते मोकळीकला कोण सांगणार? अकरा वर्षांत तीन दिवसांचा अबोला म्हणजे काहीच नाही. जयवंतनं निरोप उघडून पाहिला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं : पुनर्घडित. त्याच्या तोंडातली चहाची चव कडू झाली. वाटलं, बाईनं आता आपल्या थोबाडीत मारावी म्हणजे बरं."

"जयवंतच्या तोंडाची चव तुम्हाला कशी कळली?" साकिबनं विचारलं. "तुम्ही तर दाराशी होता."

"गोष्ट सांगणाऱ्याला सगळं कळतं," तात्या घाईनं म्हणाले. "होडी कुठे आहे ते पाहावं, तर यंत्रानं तीही नेहमीच्या वाटेवर दाखवली. तिथे आम्ही दुर्बीण लावली. नुसतं पाणी. मग सुरेखाच म्हणाली, 'रागावलो काय तो खडपाकडे जाता.' बाहेरच्या खडपाकडे, त्या पाण्यातल्या खडकांत, कुणी जाळं टाकत नाही. रागावलेला माणूस तेवढा जातो. चार होड्या सुटल्या. लाटा, सांगतो तुम्हाला, या सोसायटीच्या पत्र्याएवढ्या. एका लाटेतून सुरमई उडाली ती थेट माझ्या मांडीवर."

"तुम्ही होडीत कधी चढलात?"

"मध्ये बोलू नकोस. खडपाशी पोचलो, तर उलटलेल्या होडीच्या पाठीवर दोघं बसलेले. विश्राम आणि भरत. दोघंही जिवंत. सुरेखा होडीत उभी राहिली, कमरेला पदर खोचून. विश्रामनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, 'तिला विचार, भात टाकलान काय?'"

रेवा मोठ्यानं हसली. डोळे पुसत तिनं विचारलं, "आणि जयवंत?"

"लाजेनं त्याच संध्याकाळी नोकरी सोडली. दुबईला गेला. मोठ्या बंदरावर आहे आता, चांगलं चाललंय. दिवाळीला न चुकता फोन करतो मला. म्हणतो, तात्या, पोरांना सांगत जा, भिंत सरकवा, घाई करू नका."

बोलून तात्यांनी पाणी प्यायला तांब्या उचलला. दारात कुणीतरी उभं होतं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. खांद्यावर फाटलेलं जाळं. या खोलीत तो कधीच येत नसे. आजही उंबऱ्याच्या आत आला नव्हता. किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक.

"भरत," तात्या म्हणाले. तांब्या हातातच राहिला.

"तिघं होतो आमी, तात्या," भरत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "होडीतला वायरलेस खरखरत होता, तो दुरुस्त करायला जयवंत आमच्याबरोबर आला होता. तो निरोप विश्रामनं सुरू केला, पण पुढचं सगळं जयवंत ओरडून सांगत होता. इंजिन गेलंय, पाणी भरतंय, खडपाकडे या. पाच वेळा सांगितलं त्यानं. ऐकत असतील, म्हणाला, खुर्चीत माणूस बसवून आलोय. मग होडी उलटली आणि जयवंत माझ्या हातातून सुटला."

साकिब आणि रेवा दोघांनीही तात्यांकडे पाहिलं. तात्या निळ्या पट्टीकडे बघत होते.

"दुबईला नाही गेला तो," भरत म्हणाला. "दिवाळीला तुम्हाला फोन कुणाचा येतो, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी या खुर्चीत कोण होतं, ते या पोरांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"