हौसाचं तोंड

मी गहिनीनाथ पेंटर. कर्जतच्या एस्टी स्टँडसमोरच्या पाट्या बघा, निम्म्या माझ्या हातच्या. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर येड्यात काढत आलोय. आता मलाच सांगायची पाळी आली, काय म्हणावं!

गोविंदराव जामखेडकर नावाचा कादंबरीकार मरून जमाना झाला. त्याचं पुस्तक आमच्या गल्लीत कुणी वाचलेलं न्हाई. पण त्याची हौसा कुणाला ठाऊक न्हाई? बिडीच्या बंडलावर हौसा, कॅलेंडरवर हौसा, ट्रकच्या फाळक्यावर हौसा. पाठमोरी, कमरेवर रिकामी घागर, मानेवर मोठा अंबाडा. दुष्काळात पाण्याला जाते आन परत येत न्हाई, एवढीच तिची कथा. लेखकानं तिच्या तोंडाबद्दल एक अक्षर लिहिलं न्हाई म्हणत्यात. जत्रंतल्या वगात तिचं काम करणारी बाईसुद्धा लोकांकडं पाठ करूनच गाती. आमा पेंटरांत तर रीतच पडलेली, हौसा काढायची ती पाठमोरी. वस्तादानं ब्रश हातात देतानाच बजावलं हुतं. का, असं इचारलं तर म्हणाला, "गप काढ."

बाहत्तरचा दुष्काळ हुता. आड आटले, निम्मा गाव खडी फोडायला गेला. तशात श्रीमंत हॉटेलवाल्याला नवी पाटी पायजे.

"नाव हॉटेल हौसा. पण पेंटर, या बारीला तिचं तोंड दाव. पाठ बघून बघून गिऱ्हाईक इटलं."

"तशी रीत न्हाई, शेठ."

"मंग काय रीतीला चहा पाजू?"

खरं सांगायचं तर मलाबी हौस हुती. जन्मभर नुसती पाठ काढायची म्हणजे काय! घरी आलो तर मुक्ता, माझी बायको, भाकरी थापत हुती. म्हणलं, "वळ जरा इकडं."

"अवं, आता काय नवं सोंग?" ती हसली. हसताना तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. तशीच मी तिला पाटीवर उतरवली.

पाटी लागली आन टँकरच्या रांगेत म्हातारी दगडाबाई मुक्ताला पुढं काढायला लागली. "हौसा, तू आधी घे गं. लई दिसांनी आलीस." मुक्तानं घरी येऊन नक्कल करून दावली. आमी दोघं पोट धरून हसलो.

मंग मिरजगावच्या गाडीतून उतरलेला एक परका माणूस रस्त्यातच तिला हात जोडून गेला. त्यानं पाटी बघितलीबी नव्हती. मंग शेजारची केशरबाई तिला मुक्ता म्हणायचं विसरली. रोजची उठबस असलेली बाई!

"लोक येडे झालेत," मुक्ता म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तुमी तरी मला मुक्ता म्हणा. सारखं म्हणत ऱ्हावा."

मी म्हणत ऱ्हायलो. पण जिवाला घोर लागला. एकदा ब्रश शोधायला पेटी उपसली. तळाला वस्तादाच्या काळचा बिडीचा कागद हुता, नमुना म्हणून जपलेला, माझ्या लग्नाच्या आधीचा.

त्याच्यावरची हौसा वळली हुती. उजव्या गालाला खळी.

तेवढ्यात भर दुपारी मुक्ता घागर घेऊन उठली.

"टँकर तर उद्या हाय," मी म्हणलं.

"माळावरच्या हिरीला पाणी हाय."

"कंच्या हिरीला? माळावर हीर न्हाई, मुक्ते!"

"हाय. मला वाट ठाऊक हाय." तिचे डोळे भरून आले. "पाय थांबत न्हाईत ओ माझे. धरा मला."

मी धरलं. घागर काढून घेतली, खाली बसवलं. बसल्या जागी तिचे पाय चालतच हुते.

बाहेरून कडी घातली. डबा, ब्रश उचलला आन पळालो.

शिडी लावून पाटीवर चढलो. काळा रंग भसाभसा थापला. डोळे झाकले, खळी झाकली, हसू झाकलं. वर अंबाडा काढला, रीतीपरमाणं.

"आरं पेंटर, याड लागलं काय?" श्रीमंत खालून बोंबलत हुता.

घरी आलो. कडी तशीच.

आत मुक्ता चुलीकडं तोंड करून बसलेली. पाय थांबलेले. शेजारी घागर, काठोकाठ भरलेली.

"मुक्ता?"

"हं."

आवाज तिचाच. मला रडूच फुटलं. "मुक्ते, वळ की गं इकडं."

"अवं, तुमच्याकडंच तर बघतीय."

मी वळसा घालून चुलीपाशी गेलो.

तिकडूनबी अंबाडाच हुता.

हात लावला. रंग अजून वला हुता.